मामंजींचा डावा पाय

माझे सासरे घरातल्या वस्तूंशी बोलायचे. भूक लागली की चुलीकडे तोंड करून म्हणायचे, "आज भाकरी जरा लवकर पडली तर बरं हुईल." गावाला निघाले की पडवीच्या खांबाला सांगायचे, "राहात्याच्या बाजाराला चाललोय, दिवस बुडायच्या आत येतो." हे सगळं ते मला सांगत असायचे. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या घरची जुनी रीत. आजूबाजूच्या घरांतून ती कधीच गेली होती. आमच्याकडे राहिली, कारण मलाही ती सोयीची होती. मला कुणाशीच पटकन बोलता येत नाही. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये होत्या. त्या गेल्यावर मामंजींनी खांब, चूल, म्हैस आणि पाण्याचा तांब्या यांना मध्ये घेतलं. मी बांगड्या वाजवून हो म्हणायची. नाही म्हणायचं असलं तर भांडं जरा आपटून ठेवायची.

अंगणात यायच्या आधी ते बाहेरूनच खोकायचे. मला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. एका थंडीत त्यांना खरोखरचा खोकला झाला. दिवसभर माझा पदर डोक्यावरून उतरला नाही. संध्याकाळी धार काढताना मी ऐकत असल्याचं बघून ते म्हशीला म्हणाले, "हा दुखन्याचा खोकला हाय. हा धरू नका म्हनावं." आमचे हे पोट धरून हसले. म्हणाले, "आबांचं म्हशीसंगं जेवढं बोलनं हाय, तेवढं माझ्यासंगं न्हाई."

कुणाच्या कामाला नावं ठेवणं त्यांना माहीत नव्हतं. भाकरी करपली तर खरपूस झाली म्हणायचे. न्हाव्यानं कानाजवळ कापलं तरी त्याला पान खायला घालून परत यायचे. आमचे हे चिडले की मामंजी म्हणायचे, "करनाऱ्याचे हात दुखल्यात. आपलं तोंड कशाला चालवायचं?"

मुतखडा असेल म्हणून मामंजींची सोनोग्राफी केली, तेव्हा पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली दिसली. आम्ही त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही कधीही फुटू शकते, आणि फुटली तर दवाखान्यात पोहोचायलाही वेळ मिळत नाही. मामंजींचं हृदय अशक्त होतं, त्यामुळे पोट उघडून ऑपरेशन करणं धोक्याचं होतं. दुसरी वाट म्हणजे जांघेतल्या शिरेतून एक घडी घातलेली नळी वर सरकवायची, फुगलेल्या जागी नेऊन आतल्या आत उलगडायची. पोटाखाली त्या नळीला विजारीसारखे दोन पाय असतात, एकेका पायाकडे रक्त नेणारे. पण मामंजींच्या शिरा बारीक आणि वाकड्या. नेहमीची नळी त्यांतून जाणार नव्हती. एक नवी बारीक नळी निघाली होती, तिची अजून परीक्षा चालू होती. थोड्याच माणसांना ती घातली होती. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. नळी सरकू शकते, तिच्यात रक्त गोठू शकतं, आणि तुम्ही नको म्हणालात तरी माझा राग नाही, असं स्पष्ट सांगितलं.

आमचे हे घाबरून गेले. मामंजी मात्र शांतपणे विचारत होते.

"नवं बी आदी एका वाफ्यात लावून बघत्यात. तसा मी वाफा हाय व्हय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "हो आजोबा. पण मी बांधावरून हलणार नाही."

"वाफ्याला इचारून लावताय, हे बरं हाय," असं म्हणून त्यांनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. त्या वेळी साखर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात होता. आमचे हे तिथं बॉयलरवर कामाला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांना पाळीला परतावं लागलं. मामंजींजवळ मी एकटीच राहिले. खाटेच्या पायथ्याशी पडदा होता, त्याच्याआड स्टुलावर बसायची. सिस्टर येऊन पायांची नाडी बघायची, काही दुखतंय का विचारायची. मामंजी म्हणायचे, "काय न्हाई, समदं बेस."

त्याच दुपारी मला त्यांचा आवाज आला. उशाजवळच्या तांब्याला ते हळू सांगत होते, "डावा पाय गार पडलाय म्हनावं. बोटं माझी हायत का दुसऱ्याची, कळंना झालंय. पर कुनाला बोलू नका. त्या डाक्टरानं लई मेहनत घेतलीया."

मी उठायच्या आत सिस्टर आली. तिनं शेवटचे शब्द ऐकले आणि खोलीत दुसरं कुणी दिसेना. तिनं पाळीवरच्या तरुण डॉक्टरांना हाक मारली. आजोबा तांब्याशी बोलतायत, म्हणाली. ते धावत आले. नाव विचारलं, गाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं. मामंजींनी सगळं बरोबर सांगितलं, पण मध्येच तांब्याकडे बघून ते म्हणाले, "आता ह्ये काय नवीन?" डॉक्टरांचा चेहरा बदलला. नळीतून गाठ सुटून मेंदूत गेली असेल अशी त्यांना शंका आली. त्यांनी डोक्याच्या फोटोसाठी स्ट्रेचर मागवलं.

मी पडद्याआडून सांगायचा प्रयत्न केला. नुसत्या बांगड्या वाजल्या. पुढे झाले, तर नातेवाइकांनी बाहेर थांबावं, असं डॉक्टर म्हणाले. दर सणाला मी त्या पायांना वाकून हात लावायची, म्हणून मला ते पाय माहीत होते. तापलेल्या मातीसारखे ऊन आणि खरबरीत. मी चादर बाजूला करून हात ठेवला. उजवा तसाच होता. डावा ओल्या फरशीसारखा लागला.

"डोकं न्हाई, पाय बघा," मी म्हणाले. "ते भ्रमात न्हाईत. ते मला सांगत्यात. आमच्या घरात असंच बोलत्यात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिस्टरनं मात्र लगेच पाय हातात घेतला. नाडी लागली नाही.

नळी घालणारे मोठे डॉक्टर आले. नळीचा डावा पाय वळणावर मुडपला असणार आणि तिथं रक्त गोठलं असणार, म्हणाले. लगेच परत आत घ्यायला हवं, उशीर केला तर पाय जाईल, आणि पायापाठोपाठ माणूसही. ह्यांना फोन लावला, पण बॉयलरच्या आवाजात त्यांना कुठला ऐकू येणार. डॉक्टरांनी मामंजींना विचारलं, "आजोबा, हे मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्याच दिवशी तुमच्या अवजाराला नावं कशी ठिवायची?"

"अहो, ती ठेवायलाच तर तुम्हाला घेतलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते की थकले होते, मला कळलं नाही.

सहीसाठी कागद पुढे आला. मामंजींनी पेन घेतलं आणि थांबले. मान वळवून त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. माझा पदर कधीच खांद्यावर आला होता.

"सूनबाई, जाऊ का?"

"जावा," मी म्हणाले. "मी हितंच हाय."

पाय वाचला. एका बोटाला थोडी बधिरता राहिली, एवढंच. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलायला लागले. सुरुवातीला दोघांनाही जड गेलं. ते मला 'अहो जाहो' करायचे, आणि मी उत्तर द्यायच्या आधी बांगड्या वाजवायची. तपासणीला गेलो की आता ते नावं ठेवण्यात कसर करायचे नाहीत. उशी पातळ, चहा फिका, आणि नळीबद्दल जे जे जाणवलं ते ते. नळी बनवणारी माणसं एकदा विचारायला आली होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की नळीच्या पायाचं वळण आता बदललंय. मामंजी घरी येईपर्यंत एसटीत तेच बोलत होते. "म्हंजी फुडच्या मानसाचा पाय गार न्हाई पडायचा."

त्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की कुणी घाबरलं असेल तर आमच्याकडे पाठवा. चार माणसं येऊन गेलीही. मामंजी त्यांना धोतर वर करून पाय दाखवायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत कफ झाला होता, वय झालं होतं. नळी शेवटपर्यंत जागेवर होती.

त्यानंतर जामखेडकडचं एक म्हातारं माणूस मुलगा-सुनेला घेऊन आलं. त्यांना काही माहीत नव्हतं. मामंजींना भेटायचंय म्हणाले. ते गेले हे सांगितल्यावर म्हातारबा उठायलाच लागले. आमचे हे कामावर होते. मी चहा ठेवायचं सोडून बाहेर आले. नळीनं गेले नाहीत, मी म्हणाले. बसा. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाय गार पडला तेही. म्हातारबा पुन्हा खाली बसले आणि ऐकत राहिले. मुलगा प्रश्न विचारत होता. सून मागे भिंतीला टेकून उभी होती, तोंडातून शब्द नाही.

निघताना मी तिला बाजूला घेतलं. "ते 'काय न्हाई' म्हणाले तरी तू ऐकू नको," म्हटलं. "मधून मधून पायाला हात लावून बघत जा."