पदराला पदर

चेंगराचेंगरीची बातमी आली की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण लोक जातातच कशाला एवढ्या गर्दीत?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवा बल्लारपूरला माहेरी गेले होते, तर माझ्या सख्ख्या भावाने सोफ्यावर पाय पसरून हेच विचारलं. मी म्हटलं, "तू लग्नात पहिल्या पंगतीसाठी धावतोस ते कशाला?" त्याने पाय खाली घेतले. लोक जातात, कारण रोवणी, कापणी, मळणी करून अंग मोडून गेलेलं असतं आणि एखाद्या संध्याकाळी धुतलेले कपडे घालून, सगळ्यांच्या मध्ये बसून आपलं गाणं ऐकावंसं वाटतं. यात चूक काय आहे?

मीही गेले होते. खरं तर सासूबाईंनी मला नेलं होतं.

माझं सासर कुरखेड्याकडच्या एका खेड्यात. गावाला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल, आणि एका अंगाला आमची बौद्ध वस्ती. मी अंगाने लांबलचक, सासूबाई जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. नवी नवरी म्हणून दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला पायापासून वर पाहायला सुरुवात केली, मान मागे जाईपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बल्लारपूरवाल्याईनं बांबूच पाठवला वो माय!" बल्लारपूरच्या कागद कारखान्यात ट्रकच्या ट्रक बांबू जातो, आणि माझे बाबा तिथेच कामाला, त्यामुळे बायका खो खो हसल्या. मला राग आला होता. तो राग पुढे बरीच वर्षं मी जपून ठेवला.

आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं असं नाही, पण तिखटावरून रोज वाजायचं. मी शिवणकाम करते, फॉल-पिको करते. त्यांना वाटे दिवसभर बसून करायचं ते कसलं काम. मला वाटे यांना माझं काहीच आवडत नाही. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं, असलं आमच्यात काही नव्हतं. त्या वाढायच्या, मी जेवायचे. मी वाढायचे, त्या जेवायच्या.

त्या वर्षी धान घरात आल्यावर तालुक्याच्या गावी भीमगीतांचा मोठा कार्यक्रम ठरला. गाणारा नागपूरकडचा, नावाजलेला. वस्तीतल्या बायकांनी एक छोटा टेम्पो ठरवला. सगळ्यांच्या अंगावर निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या. मी माझी साडी खांद्याला, निऱ्यांना, अशी ठिकठिकाणी पिना लावून चापूनचोपून नेसले होते. माझं कामच ते, नीट नको का दिसायला?

मैदान म्हणजे गावाबाहेरच्या कापलेल्या बांध्या. मधले धुरे, म्हणजे बांध, काही सपाट केले होते, काही तसेच होते. भोवती बांबूचे तट्टे ठोकून आवार केलं होतं आणि बायकांसाठी बाजूने एक फाटक ठेवलं होतं. टेम्पोतून उतरलो तशा सासूबाई म्हणाल्या, "इकडे ये वो. पदर दे."

"कायले?" मीही त्यांच्यासारखंच विचारलं.

"कायले म्हंते! हरपशील मंग."

"आई, माझ्याकडे मोबाइल आहे."

"तुह्याकडे हाये. माह्याकडे कुठी हाये?"

मी पदर पुढे केला. आमच्या वस्तीतल्या बायकांची ही जुनी रीत. एक जाणती आणि एक नवखी अशी जोडी करायची, पदराला पदर बांधायचा, मगच गर्दीत शिरायचं. दरवर्षी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला जातानाही असंच. सासूबाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या सासूच्या पदराला बांधून गेल्या होत्या. आपल्या वस्तीची एकही बाई आजवर हरपली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांनी गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि एकदा हिसका देऊन पाहिली. बाजूने कॉलेजच्या मुली हसत गेल्या. "काऊन वो, लाज वाटून राह्यली का?" सासूबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही." वाटत होती.

आत बसायला चटया अंथरून झाल्या. ऊन उतरलं, थंडी अंगाला लागायला लागली, पण गायकाचा पत्ता नाही. बाहेर बायकांची रांग वाढत होती. आम्ही दोघी फाटकाजवळच होतो, कारण सासूबाईंना लघवीला जाऊन यायचं होतं. पदर बांधलेला असल्यामुळे अर्थातच मलाही. नेमकं तेव्हाच तट्ट्याबाहेर एक गाडी थांबली आणि कुणीतरी ओरडलं, "आले! आले!"

ती गाडी पाण्याच्या कॅनची होती. हे मला फार नंतर कळलं.

आतल्या बायका गायकाला जवळून पाहायला फाटकाकडे निघाल्या. बाहेरच्यांना वाटलं कार्यक्रम सुरू होतोय, म्हणून त्या आत घुसल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मागचीला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, ती फक्त थोडं पुढे सरकते. अशा शंभरजणी थोडं थोडं पुढे सरकल्या आणि त्यांच्या मधोमध आम्ही.

सुरुवातीला मी चिडून म्हटलं, "अहो, ढकलू नका ना!" मग माझा डावा हात अंगाशी चिकटला आणि सुटेना. मग माझ्या लक्षात आलं की मी चालत नाहीये, तरी सरकतेय. छातीत श्वास अर्धाच शिरत होता. मला आधी वाटायचं, अशा वेळी लोक किंचाळत असतील. किंचाळायलाही श्वास लागतो. आजूबाजूला नुसतं हुं हुं असं कण्हणं होतं, आणि मांडवातल्या कर्ण्यावरून कुणीतरी फार प्रेमाने सांगत होतं, "माता-भगिनींनो, शांततेने खाली बसून घ्या."

उंचीचा तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. माझं तोंड बायकांच्या डोक्यांवर होतं, मला हवा मिळत होती. सासूबाई खाली होत्या. पाठी, खांदे, अंबाडे यांच्या भिंतीत त्या कुठेतरी होत्या आणि मला फक्त आमच्या पदरांची ताणलेली पांढरी पट्टी दिसत होती. गर्दी मला एकीकडे नेत होती, त्यांना दुसरीकडे. माझा उजवा हात वर मोकळा राहिला होता. मी त्या हाताने पदर धरला आणि त्यांना जवळ आणायला जीव खाऊन ओढलं.

क्षणभर दोन खांद्यांच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसला. जुन्या बायका पदर डोक्यावरून गळ्याभोवती घेतात, तसाच त्यांचा होता. मी ओढत होते तो त्यांच्या गळ्यालाच बसत होता. डोळे मोठे झाले होते, तोंड उघडं, आवाज नाही. मी पदर सोडला. पण माझ्या सोडण्याने काय होणार? गाठ तशीच होती आणि गर्दी ओढतच होती. गाठ हाताच्या पलीकडे, बायकांच्या मध्ये अडकलेली. ती सुटणार नव्हती. सुटण्यासारखी एकच गोष्ट होती, माझी साडी.

हे मी विचार करून केलं असं सांगितलं तर खोटं होईल. हात आपोआप खांद्यावर गेला. पिन उघडेना, मग कापड फाडून काढली. पदर सर्रकन गेला आणि पुन्हा ताणला. मग कमरेत हात घालून निऱ्या उपसल्या, तिथलीही पिन पोटाला ओरखडत गेली. गर्दीने मला गरकन फिरवलं आणि त्या फिरण्यात साडी अंगावरून निघून गेली. ती कमरेभोवतून सरकताना भाजल्यासारखं झालं होतं, ते अजून आठवतं. मी परकर-पोलक्यात उभी होते, सगळ्या गावासमोर. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की ती पांढरी पट्टी सैल झाली, मग बायकांच्या डोक्यांमध्ये बुडाली.

तेवढ्यात बाहेरच्या माणसांनी विळ्यांनी दोर कापून तट्टे पाडले. भिंत मोकळी झाली तशी सगळी गर्दी त्या बाजूला सांडली आणि मी धानाच्या खुंटांवर तोंडावर पडले. पहिला पूर्ण श्वास घेतला आणि रडू फुटलं.

मी दोन्ही हात छातीवर धरून बसले होते तेव्हा माझ्या बाबांच्या वयाचे एक गृहस्थ आले. त्यांनी अंगातला सदरा काढला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि सदरा माझ्याकडे धरला. "घे बाई, घाल. कोण हरपलं तुहं?" म्हणाले. मी म्हटलं, "आई." बनियनवर थंडीत कुडकुडत ते माझ्यासोबत फिरले. मी त्यांना नंतर कधीच भेटले नाही, त्यांचं गावही विचारायचं राहिलं. पण त्या माणसाला माझं आयुष्य लाभो असं मी अजूनही मनात म्हणते.

शोधायचं कसं? सगळ्याच पांढऱ्या साड्या. धुऱ्यांवर, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून, जमिनीवर, जिकडे पाहावं तिकडे निळा काठ. मी "आई!" अशी हाक मारली की दहा-बारा म्हाताऱ्या एकदम माझ्याकडे वळत. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर यायचे आणि विझायचे, कारण मी त्यांची नव्हते. त्या एकीकडे वळून दुसऱ्या हाकेची वाट बघायच्या. एकीच्या शेजारी खाली बसून मी तिला पाणी पाजलं आणि पुढे गेले. काही बायकांना उचलून गाड्यांकडे नेत होते. त्या प्रत्येकीचा चेहरा मी पाहिला. पाहायच्या आधी प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता पाय पुढे पडणार नाही. त्या वेळी मला एकच हवं होतं, त्यांनी मला बांबू म्हणावं, तिखटावरून बोलावं, काहीही बोलावं.

शेवटच्या बांधीत, धुऱ्याच्या पलीकडे त्या बसलेल्या दिसल्या. पाय पसरून, अनवाणी. गळ्यावर लाल वळ होता. मांडीवर पांढऱ्या कापडाचा मोठा ढीग होता आणि त्या दोन्ही हातांनी तो धरून बसल्या होत्या, बाळंतिणीने लेकरू धरावं तसा. त्या रडत नव्हत्या. समोर गाड्यांकडे पाहत होत्या. त्यांच्या शेजारी एक बाई बसून समजावत होती, "येईन वो, सापडन." त्या मान हलवत होत्या, नाही अशी.

"आई," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. माझ्या अंगात पुरुषाचा सदरा, केस सुटलेले. त्यांनी मला पाहिलं, मग मांडीवरच्या कापडाकडे पाहिलं, मग पुन्हा मला. उठल्या आणि मुठींनी माझ्या दंडावर, पाठीवर मारायला लागल्या. हात पोचतील तिथे. मी मारून घेतलं. शेजारची बाई आवरायला धावली, तर ते गृहस्थ तिला म्हणाले, "मारू द्या, बाई," आणि पाठ फिरवून लांब जाऊन उभे राहिले.

मार थांबला तेव्हा त्यांनी साडीचा ढीग उचलला, तो झटकला आणि मला नेसवायला लागल्या. शेजारची बाई आडोसा धरून उभी राहिली. माझी साडी अजून त्यांच्या पदराला बांधलेलीच होती, त्यामुळे त्या माझ्याभोवती फिरत होत्या आणि आम्ही दोघी त्यात गुंडाळल्या जात होतो. निऱ्या त्यांना घालता येईनात. घातलेल्या पुन्हा सुटत होत्या. मी म्हटलं, "आई, द्या, मी करते." त्यांनी दिलं नाही.

त्यांचं डोकं माझ्या छातीशी होतं. तिथूनच, वर न पाहता, त्या बोलल्या.

"मी ओढली वो. हातावर हात, हातावर हात. पदर आला, मंग निऱ्या आल्या. मले वाटे, आता येईन, तू मांगंच हायेस. ओढत राह्यली, ओढत राह्यली." त्यांच्या मुठीत साडीचं दुसरं टोक होतं, ते त्यांनी मला दाखवलं. "पुरी साडी आली बाई. तू नाई आली."