माझ्या मापाची सीट

खोगीरबुवा माणसाच्या तोंडाकडे आधी पाहतच नसत. ते चाल पाहत. सिंदी स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं. दारातल्या पाटावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याची कमरेखालची खुशाली जाणून घेत. एकदा पोस्टमन चिठ्ठी देऊन वळला, तर मागून ओरडले, "मांडीले फोड आला ना तुह्या? सीट वाकडी झाली हाये. सांगत काऊन नाई?" भर रस्त्यात पोस्टमन नव्या नवरीसारखा लाजला. फोड खरंच होता. आदल्याच दिवशी मी तो दवाखान्यात बांधून दिला होता.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर. तरुणपणी ते मालगुजारांच्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांच्या, घोड्यांसाठी खोगिरं शिवत. मालगुजारी गेली, घोडे विकले गेले आणि लोक सायकलवर आले. दुसरा कोणी असता तर जुन्या दिवसांच्या नावानं गळा काढत बसला असता. बुवांनी दाभण आणि कातडं तेच ठेवलं आणि सायकलच्या सीटा करायला घेतल्या. "घोडं काय अन् सायकल काय, बसणारा थोच," असं म्हणत. वर पुढे सांगत, "घोड्यावर खोगीर टोचलं तं घोडं लाथ मारते. सायकल बिचारी गरीब. म्हणून माणूस उगाच सोसत राह्यते."

उगाच सोसणाऱ्यांत मी पहिल्या नंबरची. बाविसाव्या वर्षी वर्ध्याच्या इस्पितळातल्या वॉर्डातून नर्स म्हणून सिंदीच्या दवाखान्यात आले, तेव्हा मला एक सरकारी सायकल आणि आठ गावं मिळाली. टोचणी करायची, बाळंतिणी पाहायच्या. माहेरी मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेले नव्हते. इथे दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये गाडीवाट, आणि मी मोठ्यानं गाणी म्हणत एकटी चाललेली! गाणी बेसूर होती, पण ऐकायला बगळ्यांशिवाय कोणी नसे. इतकं सुख मला तोवर कशानंच दिलं नव्हतं.

सायकलची सीट मात्र माझ्या वाईटावर होती. दगडासारखी कडक, अरुंद, पुढून टोकदार. महिनाभरात अशी गत झाली, की अर्धी वाट मी सायकल हातात धरून चालू लागले. उशीर व्हायचा. एका गावी तर मी पोचेपर्यंत बाळ जन्मून, आंघोळ करून झोपी गेलं होतं. तक्रार वर्ध्याला गेली. आमच्या मोठ्या बाईंचं, म्हणजे माझ्या वरिष्ठांचं, पत्र आलं: येत्या सोमवारी मी स्वतः सायकलवर तुमच्याबरोबर फिरेन. फेरी जमत नसेल तर वॉर्डात परत यावं लागेल. ते पत्र वाचून मी रडले. वॉर्ड काही वाईट नव्हता. पण ती गाडीवाट सोडून जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

सांगणार कोणाला? दुखणं नको त्या जागी. उशी बांधून पाहिली, जुनं लुगडं घडी करून घातलं, पाण्याच्या घागरीखालची चुंबळसुद्धा ठेवून पाहिली. अशीच एकदा बुवांच्या दुकानावरून पाय ओढत चालले होते.

"सिस्टरबाई, थांबा. कुठं दुखते?"

दिवसभर हा प्रश्न मी लोकांना विचारायची. मला तो विचारणारे बुवा पहिलेच. मी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

बुवांची माप घ्यायची रीत जगावेगळी. घमेल्यात काळी माती लोण्यासारखी मळून घ्यायची, वर ओलं फडकं घालायचं आणि गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं. उठल्यावर जो ठसा उरेल त्यावरून कातडं कापायचं. पुरुष दुकानापुढेच बसत. कापसाच्या एका अडत्याला घमेल्यातून उठवायला दोघं लागले होते आणि सगळ्या रस्त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. पण माझं काय? बुवांनी इकडेतिकडे पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "हे काम तुमच्या काकीचं."

संध्याकाळी काकी, म्हणजे बुवांच्या पत्नी, घमेलं डोक्यावर घेऊन, वाण आणावं तसं वर फडकं झाकून माझ्या खोलीवर आल्या. दार लावलं. मी बसले आणि आम्हा दोघींना असं हसू फुटलं, की पहिला ठसा वाया गेला. "हासू नको वो बाई, माप हालते!" असं म्हणत त्याच जास्त हसत होत्या.

शनिवारी सीट आली. कातडं सुरेख, टाके मोत्यासारखे. मी बसले आणि तशीच उठले. सीट दहा वर्षांच्या मुलीला झाली असती. बुवांनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या. "चार दिवसांत तुमी फुगल्या, का मी म्हातारा झालो?"

तेव्हा काकी हळूच म्हणाल्या, "ओलं माप कसं देऊ? मोडलं असतं. म्हून मी वड्यांसंगं उन्हात ठेवलं, अन् वाळल्यावर दिलं."

बुवांनी कपाळावर हात मारला. "जलम गेला तुहा काळ्या मातीत! वाळली का आकसते ना थे! उन्हाळ्यात भेगात बैलाचा पाय जाते, अन् सिस्टरबाईचं माप जसंच्या तसं राहीन?"

"मंग तुमाले पाहून समजलं नाई काऊन? लोकायची चाल पाहता ना दिवसभर?" काकींनी विचारलं. बुवा सीट उलटी करून टाके मोजू लागले. मला मात्र हसू येईना, कारण सोमवार एका दिवसावर आला होता.

काकींनी तेव्हाच दुसरं घमेलं मळलं आणि ओला ठसा अर्ध्या तासात दुकानात पोचवला. रविवारी बुवा जेवायलासुद्धा उठले नाहीत. नवी सीट मागे रुंद, पुढे आखूड. आत घोडीच्या शेपटीचे केस भरलेले, आणि ती घोडी कोणत्या मालगुजाराची, किती गुणाची, हेही मला ऐकावं लागलं. सोमवारी सकाळी त्यांनी सीट दोन बोटं वर घेतली, तिचं नाक जरासं खाली झुकवलं आणि मला स्टेशनपर्यंत चालवायला लावून शेजारून पळत आले. धापा टाकत म्हणाले, "आता बसल्यासारख्या दिसता."

मोठ्या बाई आल्या. आम्ही निघालो. तिसरं गाव झालं तरी मी खाली उतरले नाही. चौथ्या गावाच्या अलीकडे मागून हाक आली, "अगं, थांब जरा!" वळून पाहिलं तर मोठ्या बाई कडुनिंबाला टेकून उभ्या, सायकल आडवी पडलेली. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. महिनाभर आरशात पाहिला होता. थोडा वेळ त्या रागीट दिसायचा प्रयत्न करत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही सीट तुला कुणी करून दिली?" संध्याकाळी काकींनी पुन्हा घमेलं मळलं, आणि मोठ्या बाईंच्या अहवालात माझी फेरी उत्तम असल्याचं लिहून आलं.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या गाडीवाटेवर फिरले. किती बाळं या हातांत आली ते मोजलं नाही. मग चांद्याकडे बदली झाली. सायकल सरकारची, ती मागे राहणार. मी बुवांना म्हटलं, सीट राहू द्या, नव्या बाईंना होईल. बुवा माझ्यावर एकदाच रागावले, ते त्या दिवशी. "तिचं मी येगळं करीन. दुसऱ्याच्या सीटवर कोणी लांब जात नाई." पाना घेऊन त्यांनी सीट काढली आणि धुतलेल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली.

पॅसेंजरमध्ये मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. समोरची बाई त्याला देवाचा टाक समजून हात जोडत होती. काकी पदर डोळ्यांना लावून उभ्या. बुवांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलंच नाही. ते लाकडी बाक पाहत होते.

"मांग सरका," ते म्हणाले. मी सरकले. "पाठीले शालीची घडी लावा." मी लावली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी शहाण्या मुलीसारखी ते सांगतील तशी बसत होते. शिट्टी झाली. गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले, आणि मग थांबून म्हणाले, "हां. आता जा, बाई. आता दूर जाता येईन."