पडीक वाडीचं पाणी

भुईगावच्या रेजिनाला राग लवकर यायचा नाही, पण एकदा आला की जायचाही नाही. नवरा प्लासिड गेल्यावर सोनचाफ्याची वाडी तिने एकटीने राखली. पहाटे कळ्या काढून दादरला पाठवायच्या, मग विहिरीवरची मोटार लावून झाडांना पाणी सोडायचं. शेजारची अर्धी वाडी धाकट्या दिराची, सॅन्टनची. त्याला झाडांपेक्षा जमिनीच्या दलालीत जास्त गोडी. पण त्याची मुलगी एलिसा रेजिनाचा जीव की प्राण. बाप्तिस्म्यात तिची धर्ममाता रेजिनाच होती.

किनाऱ्याला विमानतळ होणार म्हणून एक कंपनी गावोगाव फिरत होती. विमानतळ आला तर कुणाच्या पदरात काय पडेल आणि कुणाचं काय बुडेल, ते मोजायला. घरं दाखवायला त्यांना माणूस मिळाला तोही सॅन्टनच! कंपनीवाले आले त्या दिवशी रेजिना डोळे तपासायला वसईला गेली होती. तिच्या वतीने सॅन्टनच बोलला.

पुढे चर्चच्या हॉलमध्ये पडद्यावर नकाशा लागला. सगळ्या वाड्या हिरव्या, रेजिनाची तेवढी राखाडी. कंपनीची उन्नती नावाची मुलगी म्हणाली, "ही जमीन पडीक आहे, विहीर वापरात नाही. त्यामुळे इथलं नुकसान शून्य."

शून्य! रेजिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उभी राहून भांडली. उन्नती वरमली, पण म्हणाली की ज्यांनी माहिती दिली त्यांनीच ती चुकीची होती असं सांगायला हवं, नाहीतर अहवाल असाच वर जाईल. सगळ्या माना सॅन्टनकडे वळल्या. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

घरी येऊन मात्र त्याला कंठ फुटला. "वयनी, पडीक लावली म्हनून काय बिघडलं? पडीक जमीन विकायला सोपी. हॉटेलवाली पार्टी तयार हाय. दोन्ही वाड्या एकदम घेतील."

"तुझी वीक. माझी विकनारा तू कोन?"

"एकट्या बाईला वाडी किती दिवस जमनार?"

या वाक्यासाठी ती त्याला कधीच माफ करणार नव्हती. ती वेळेची वाट पाहू लागली.

वेळ एलिसाच्या लग्नात आली. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून घराण्याच्या विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं, ही त्यांची रीत. सॅन्टनने गाड्या लावायला आपली विहीर बुजवून वर फरशी घातली होती. वहिनीची आहे की, या भरवशावर!

संध्याकाळी बँड वाजत रेजिनाच्या विहिरीवर आला. नटलेल्या बायका, मुंबईचे पाहुणे, पुढे कळशी घेतलेली एलिसा. विहिरीच्या जाळीला कुलूप, आणि कठड्यावर रेजिना.

"वयनी, चावी?" सॅन्टनने हसून विचारलं.

"पडीक वाडीत कसलं पानी? विहीर वापरात नाय, तूच सांगितलंस ना? आता त्या कंपनीच्या पोरीला फोन लाव आनि सगळ्यांपुढे सांग, खोटं बोललो म्हनून."

बँड थांबला. सॅन्टनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी फोन लावला.

"मॅडम, वयनीच्या वाडीची माहिती मी खोटी दिली. वाडी चालू हाय. विहिरीला पानी हाय."

नोंद लगेच बदलते, असं उन्नती फोनच्या स्पीकरवर म्हणाली. रेजिनाने शब्द न् शब्द मिटक्या मारत ऐकला. सगळ्यांपुढे त्याचं तोंड काळं झालेलं तिला हवं होतं, आणि तसंच झालं. मग तिने कुलूप काढलं आणि स्वतः दोर सोडून बादली भरून घेतली.

"ये गो बाय."

एलिसा जागची हलली नाही. "काकी, डॅडी चुकले. मी घरी भांडले त्यांच्याशी. पन तुला आजचाच दिवस मिळाला? माझंच पानी मिळालं?" तिने कळशी आईच्या हातात दिली. "चला. घरी नळ हाय."

मंडळी तिच्यामागून परत फिरली. रेजिना भरलेली बादली घेऊन तशीच उभी राहिली. पोरीचं तिला वाईट वाटलं, फार वाटलं, अगदी रडू येईपर्यंत. सॅन्टनचं मात्र तसूभरही वाटलं नाही.