शालनमावशीचे दोन हॅलो

शालनमावशीच्या खोलीत बसलेल्या कुणाचाही फोन वाजला, की ती उठायची, मोरीपाशी जायची आणि एका तांब्यातलं पाणी दुसऱ्या तांब्यात ओतायला लागायची. दुसरा भरला की पुन्हा पहिल्यात. पाण्याची बारीक धार आणि पाठमोरी उभी मावशी. बोलणं संपलं की धार थांबायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं जरा सरकलंय. आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी आपण गॅस बंद करायला उठतो. तिथे दुसऱ्याचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून पाणी ओतणारी ही एकच बाई होती.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात ती टेलिफोनच्या बोर्डावर होती. बाहेरून आलेला फोन आत वॉर्डात जोडून द्यायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या आवाजात ते रुग्णालय होतं. कुणालाही हाक मारताना ती आधी किंचित थांबायची, जणू पलीकडे कुणी आहे की नाही याची खात्री करून घेतेय.

“जोडून दिलो की दोन हॅलो ऐकायचे,” ती मला सांगायची. “एक ह्येचो, एक तेचो. दोन्ही इले की कानावरचा काढून ठेवायचा. तिसरो शब्द आपलो नाय.” त्या दोन हॅलोंवरूनच तिला कळायचं म्हणे, मुलगा झालाय की माणूस गेलाय. पण कळलं तरी ते तिथेच ठेवून ती घरी यायची. तिच्यासोबत काम केलेल्या बायका चाळीत भेटायला यायच्या, तेव्हा त्या नाना गोष्टी सांगायच्या आणि मावशी नुसती हसत चहा गाळायची.

माझं काम याच्या बरोबर उलट. आमच्याकडच्या एका जुन्या मिलच्या आवारात आता काचेची इमारत उभी आहे, तिथे बसून लोक मोबाइलवर काय बघतात आणि कशाने थांबतात, हे मी दिवसभर शोधत असते. मावशीला मी ते एकदा समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तू तिसऱ्या शब्दावर पगार घेतंस.” मला तेव्हा हसू आलं होतं.

तिच्या सख्ख्या भाचीने दिलेला स्मार्टफोन ती वापरायची, पण पाहुण्याशी वागावं तशी, जरा अंतर ठेवून. “ह्येच्यात सगळा असा गो. फक्त मध्ये बसणारी बाई नाय. मगे ऐकता कोण, ता कळणा नाय,” असं तिचं म्हणणं. एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना तिला फोन आला. पलीकडचा मुलगा स्पीकरवर हिंदीत घाईघाईने सांगत होता, मॅडम, तुमचं कार्ड आजच बंद होणार, आता एक नंबर येईल तो वाचून दाखवा. मी खुणेने ‘ठेवून दे’ म्हणत होते. मावशीने डोळे मिटले होते. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “बेटा, तेरे पीछे बीस लोग यहीच बोल रहे हैं. सबका गला सूखा है. सुबह से पानी पिया क्या?” मग तो मुलगा हळूच “नहीं” म्हणाला आणि त्यानेच फोन ठेवून दिला. मावशीला त्या मुलाची काळजी दोन दिवस पुरली.

चाळीच्या गॅलरीत कॅमेरे लावायचं ठरलं, तेव्हा मीटिंगमध्ये विरोध करणारी ती एकटीच. समोरच्या खोलीतली मंगल म्हणाली, “काय गं शालन, आपण दिवसभर एकमेकींना बघतोच की. कॅमेऱ्याने काय वेगळं होणार?” मावशी म्हणाली, “तू माका बघतंस, तेव्हा मी पण तुका बघतंय. फिटांफाट. तो डोळो माका बघतलो, पण तेका मी खंय बघू?” सगळे हसले आणि कॅमेरे लागले. त्यानंतर गॅलरीत केस विंचरायला बसणं तिने सोडलं. दुपारची उन्हं तिरकी होऊन कठड्याच्या नक्षीची सावली फरशीवर पसरायची आणि मधली तिची जागा तेवढी मोकळी दिसायची.

असंच एका रविवारी आम्ही दोघी तिच्या खोलीत सोडे निवडत बसलो होतो. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता. पडदा वाऱ्याने आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. मावशी बोलायला लागली. तिच्या तरुणपणातली एक गोष्ट, जी चाळीत कुणालाच ठाऊक नव्हती. सुरुवातीलाच मी विचारलं होतं, “मावशी, तुझा आवाज रेकॉर्ड करू?” तिने मान डोलावली होती. तिच्या हिशेबी आवाज इथून निघून एकाच माणसाकडे जातो, तो माणूस म्हणजे मी. अर्ध्यावर मंगलने हाक मारली, मावशी उठली आणि गोष्ट तिथेच राहिली.

संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग चाळीच्या ग्रुपवर टाकलं. यात काही चूक आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. चाळीचा ग्रुप म्हणजे घरच, असं आम्ही सगळेच धरून चालतो. ज्या ग्रुपवर पाणी गेल्याचं आणि बारशाचं एकाच दमात कळतं, तो परका कसा वाटणार? पण ग्रुपमधल्या कुणाचा तरी भाचा होता. त्याने मागे बासरी घातली, समुद्रावरच्या मावळतीचं चित्र घातलं आणि दोन दिवसांत ती गोष्ट मुंबईभर झाली.

मावशीला ते कळलं बाजारात. बांगडे घेताना कोळणीने कौतुकाने मोबाइल तिच्यापुढे धरला. “मावशी, हा तुमचाच आवाज ना?” आजूबाजूच्या चार बायकाही ऐकायला वाकल्या. आपल्या आयुष्यातली सगळ्यांत नाजूक गोष्ट माझ्या मावशीने बर्फाच्या पाण्यात उभं राहून, बासरीसकट, शेवटपर्यंत ऐकली.

घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते. मला तोवर सगळं कळलं होतं. तिने पिशवी ठेवली, पदराने कपाळ पुसलं. “बासरी बरी होती,” म्हणाली.

“मावशी, मी काढून टाकलंय. सगळ्यांना सांगितलंय काढायला.”

“बरा केलंस. आता लोकांच्या कानांतून कोण काढतलो?”

एवढंच. ओरडली असती तर मी पाया पडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तिने मला तसं सोडलंच नाही. पुढची दोन वर्षं ती माझ्याशी रोज बोलली. पाणी कधी येणार, कोथिंबीर कशी मिळाली, पंखा आवाज करतो. तिच्या घरी चहा मिळायचा, आईच्या गुडघ्याची चौकशी व्हायची. पण दुपारी तिच्या डोळ्यांत काही आठवू लागलं की ती माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची. एकाच चाळीत राहून कुणी आपल्यासाठी दार असं लावून घेतं, तेव्हा ते वाजवायलाही हात उचलत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग तिला श्वासाचा त्रास सुरू झाला आणि तिच्याच रुग्णालयात तिला दाखल केलं. खिडकीतून एक जुनं झाड दिसायचं. औषधांच्या गुंगीत ती कधी कधी हवेत बोट फिरवायची, जणू समोर बोर्ड आहे आणि कुणीतरी लाइनवर थांबलंय. मी रोज दुपारी जायचे. जाताना फोन घरी ठेवायचे. कुणाला दाखवायला नाही. तो पिशवीत असला की मला तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता, म्हणून.

आठवडाभराने तिने विचारलं, “तुझो फोन खंय?”

“घरी.”

“कधीपासून?”

“तू इथे आल्यापासून.”

“आणि ऑफिसवाल्यांनी शोधल्यानी तर?”

“शोधू देत.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. झाडाची सावली पलंगावरून हळूहळू भिंतीवर गेली. शेजारच्या बाईला तिची सून केळं भरवत होती. तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं आणि त्या रविवारी मंगलने हाक मारली होती ना, नेमक्या त्या वाक्यापासून पुढे बोलायला लागली. मध्ये दोन वर्षं गेलीच नाहीत अशी. दम लागला की थांबायची, मी पाणी द्यायचे, पुन्हा सुरू व्हायची. गोष्ट संपली तेव्हा दिवे लागले होते. तिच्या चेहऱ्यावर उतारावरून चालत आल्यासारखा हलका थकवा होता. मला फार रडू आलं आणि ती मला रडू देत राहिली.

त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

ती बासरीवाली गोष्ट अजूनही कुठून कुठून फिरत येते. ओळखीचे मला पाठवतात, अनोळखी लोक खाली लिहितात, पुढे काय झालं? कुणाला माहीत असेल तर सांगा ना. इतक्या मायेने विचारतात की कधी कधी हात शिवशिवतात.

मला माहीत आहे. पण ते तिने मला सांगितलंय.