दारात उभ्या राहिलेल्या मावशी

"आईचा एक धड फोटो काढून आण," मुंबईच्या माझ्या मैत्रिणीनं, सुनंदानं सांगितलं आणि मी माण तालुक्यातल्या तिच्या गावी निघाले. तिच्या माहेरी बाईमाणूस नवऱ्याच्या शेजारी फोटोला बसत नाही. आई कायम मागे, दाराशी. मोबाईल पुढचा चेहरा धरतो आणि आई दरवेळी धूसर!

माझ्याकडे जुन्या बाजारातला एक वेगळाच कॅमेरा आहे. फोटो आधी काढायचा, फोकस कुठे हवा ते नंतर लॅपटॉपवर ठरवायचं. फोटो मोठा छापला की ठिपके दिसतात, बॅटरीही रुसते. पण या कामाला हाच हवा होता.

सांगलीच्या विश्रामबागेतून सकाळीच गाडी काढली. तासगाव, विटा, मायणी, मग दहिवडी. विट्यात पोटभर मिसळ खाऊन घ्या, पुढे माळ सुरू झाला की हॉटेलांचा भरवसा नाही. वाटेत मेंढरं आडवी आली, तर हॉर्न वाजवू नका. ती आपल्यापेक्षा निवांत असतात.

घरी मावशींनी, म्हणजे सुनंदाच्या आईनं, बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं गरम माडगं समोर ठेवलं. कॅमेरा कळल्यावर म्हणाल्या, "म्हंजे मागं हुबं राहिलं तरी घावणार व्हय मी?"

"घावणार."

"बघू की."

सुनंदाचे वडील, तात्या, ओसरीवर कोकरू घेऊन ऐटीत बसले, मावशी मागे दारात. तेवढ्यात कोकरानं तात्यांचं धोतर भिजवलं. मी बटण दाबलं.

लॅपटॉपवर आधी तात्या स्पष्ट दिसले. मग मी फोटोतल्या दारावर क्लिक केलं. पदर ढळलेल्या मावशी तात्यांकडे बघत मनापासून हसत होत्या.

"आयला, माज्या पाठीमागं हे चाललंय व्हय!" तात्या म्हणाले.

"आवं, गप बसा." मावशींनी तोंडाला पदर लावला.

"सुनंदाला पाठवू?" मी विचारलं.

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढून फोटो पुन्हा नीट बघितला. "पाठव. पर दुसऱ्या कुनाला दावू नगंस."

म्हणून तो फोटो इथे टाकलेला नाही. माळाचे टाकलेत, ते बघा.

सांगलीला पोचून फोटो पाठवला. सुनंदाचा लगेच फोन. आधी नुसतं नाक ओढणं.

"मला वाटायचं, आईनं त्या घरात नुसते दिवस काढले," ती म्हणाली. "ती तात्यांकडे अशी बघते, हे मला कुणी सांगितलंच नाही गं."