वर पाठवलेली माणसं

"एकदा पेशंट वर पाठवला की आपला संबंध संपला," कल्याणच्या आरोग्य केंद्रातली एक सिस्टर दुसरीला म्हणाली.

"अगं हळू, ऑफिसवाले लिहून घेतायत."

लिहून घेणारी मीच होते. दवाखान्यांमध्ये कॉम्प्युटरची यंत्रणा कशी आणायची आणि तिच्यासाठी निधी कसा मागायचा, याचा आराखडा आमची टीम राज्य सरकारांना करून देते. आमचे सर दिल्लीचे, पण मराठी समजतं असं त्यांना वाटतं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वर म्हणजे कुठल्या फ्लोअरला?"

केंद्राला वरचा मजलाच नव्हता.

"वर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलला, सर," सिस्टर हसू दाबत म्हणाली. "तिथून आणखी वर गेला तर मग डायरेक्ट."

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

पप्पांनाही असंच वर पाठवलेलं. आम्ही राहतो त्या दिवा गावातल्या दवाखान्यातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला. तिथून ते परत आले नाहीत. त्यानंतर काही आठवड्यांनी आई आणि मी पाण्याचे कॅन घेऊन दवाखान्यावरून येत होतो, तर तिथल्या सिस्टरने दारातून हाक मारली.

"काय गं, पप्पा आले का घरी? त्यांच्या बीपीच्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्यात."

आईने सांगितलं. सिस्टर पायऱ्या उतरून आली, आईच्या हातातला कॅन घेतला आणि आमच्या बिल्डिंगपर्यंत आली. वाटेत एकदाच म्हणाली, "मला कुणी कळवलंच नाही."

म्हणजे पप्पा गेल्यावरही दिव्यात एक खोली अशी होती, जिथे ते अजून परत यायचे होते. त्यांच्या गोळ्या तिथे थांबल्या होत्या. त्या खोलीत जाऊन नुसतं बसावं, असं मला अजूनही वाटतं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ठाण्याच्या ऑफिसात आराखड्यावर शेवटची मीटिंग होती. त्यात एक ओळ होती: वर पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, ते मोठ्या हॉस्पिटलने पाठवणाऱ्या दवाखान्याला कळवायचं. सरांनी स्क्रीनवर ती ओळ निवडली.

"ही काढू या. एवढ्याला निधी पुरणार नाही. आणि मागतंय कोण हे?"

मीटिंगमध्ये मला कुणी विचारलं तरच मी बोलते, तेही इंग्रजीत. ही ओळ राहिली तर गेलेलं माणूस जिथे अजून परत यायचं असतं, तशी खोली यापुढे कुणाच्याच वाट्याला येणार नाही, हे मला कळत होतं. पण कॅन उचलून आमच्याबरोबर चालणारी ती सिस्टरही डोळ्यांसमोर होती. सरांचं बोट डिलीटवर होतं.

"खालची सिस्टर मागतेय, सर," मी मराठीतच म्हणाले. "ती गोळ्या काढून ठेवते आणि वाट बघते."