भांगात नव्हे, भांगेत!

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण मधे एका ठिकाणी तुम्हाला हसू येणार नाही. मलाही आलं नव्हतं. चहा गार होतोय, प्या. सांगते माझा पराक्रम.

तेहतीस वर्षं मी डोंबिवलीत भूगोल शिकवला. शब्द चुकला की अर्धा गुण कापणाऱ्या त्या बाई म्हणजे मीच! निवृत्त झाले आणि कापायला कुणी उरलं नाही. मग आम्ही चार समवयस्क रोज सकाळी वही घेऊन खाडीवर जायला लागलो. बगळे किती, चिंबोऱ्या किती, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या किती, पाण्यावर तेलाचा तवंग कुठून कुठपर्यंत, सगळं लिहायचं.

खाडी वाचायला शिकवली ती हिराजी नाखवांनी. सत्तरीचे, काठावरच्या कोळीवाड्यातले. उन्हावाऱ्याने डोळे कायम तांबारलेले. मी वहीत 'निवट्या बारा' लिहिलं की हळूच म्हणायचे, "बारा? आमी लान होतो तवा पाय ठेवाला जागा नसायची, बाई."

एका सकाळी काठभर बोईट मासे मरून पडलेले. पांढरी पोटं वर. नाखवा वाकले, एकाचा कल्ला उघडून पाहिला. आतून काळा. "त्या पायपाचं काम," इतकंच बोलले आणि तो मासा त्यांनी अलगद खाली ठेवला, जणू लागेल त्याला.

पाइप कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड खाडीत कुठे उघडतं, ते मात्र नाखवांना ठाऊक होतं. दोन वर्षं ते सांगत होते. ऐकतो कोण? मी प्रदूषण खात्याकडे अर्ज केले. शुद्ध मराठीत, एकही वेलांटी न चुकवता. चौथ्या अर्जाला साहेब पाहणीला यायला तयार झाले. बुधवारी!

मी लगेच नाखवांना फोन लावला.

"नाखवा, बुधवारी दुपारी साहेब येतायत. तुम्ही हवेतच."

"बुधवारी? बुधवारी नको, बाई. बुधवारी भांग हाय."

"काय आहे?"

"भांग! भांगात काय दिसाचा नाय."

मला ते तांबारलेले डोळे आठवले. अरे देवा! म्हणजे ते वाऱ्याने नव्हेत तर! तरी सवय कुठे जाते? मी म्हटलं, "नाखवा, भांगात नव्हे, भांगेत म्हणतात."

"तुमी काय पन बोला. भांगात आमी कोन खाडीत जात नाय."

"कोण म्हणजे? आणखी कोण?"

"सगला गाव!"

"आणि घरच्यांना हे चालतं?"

"मंग? बायकोच बोलते, आज भांग हाय, घरात बसा."

आता मला सांगा, मी काय समजायचं? मी आवाज शक्य तितका मऊ केला. "नाखवा, या वयात हे बरं नाही हो."

"या वयातच तं समजतं, बाई. पोरांना काय समजतंय? भांग सरला का बोलवा साहेबाला." आणि फोन ठेवला.

मी आमच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिलं : 'नाखवा व्यसनामुळे बुधवारी येणार नाहीत. कृपया त्यांच्यासमोर विषय काढू नये.' दोघांनी हात जोडले. एकीने रडका चेहरा टाकला.

नाखवांवाचून आमचं काय अडणार होतं? मोबाइलवर ओहोटीची वेळ पाहिली, दुपारी एक. साहेब आले, भर उन्हात आम्ही काठावर उभे राहिलो. एक वाजला. दीड वाजला. पाणी जरासं मागे सरलं आणि तिथेच थांबलं. पाइप दिसेना, त्याचं तोंड दिसेना, काही दिसेना. साहेब भला माणूस, दोनपर्यंत थांबले. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'पाहणीत काही आढळले नाही', आणि माझी सही घेतली. मी सही केली. सुवाच्य.

दुसऱ्या दिवशी मी नाखवांच्या घरी गेले. बरणीभर लिंबाचं लोणचं घेऊन. भांगेवर आंबट उतारा चालतो ना! नाखवा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी बरणी पुढे केली. "घ्या. उतरली का?"

"काय उतरली?"

"भांग."

आत त्यांच्या पत्नी वेणूबाई होत्या. त्यांना आधी कळलं. तोंडाला पदर लावून त्या जमिनीवरच बसल्या आणि हसत सुटल्या.

नाखवा हसले नाहीत. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "अष्टमीला पानी धड चढत नाय, धड उतरत नाय. त्याला भांग बोलतात, बाई. पायपाचं तोंड पान्याखालीच रातं. आवसेला उधान येतं, तवा चढतं पन लय नि उतरतं पन लय. तवा दिसतं."

भांगाची भरती-ओहोटी! सूर्य, पृथ्वी, चंद्र काटकोनात. आकृतीसह स्पष्ट करा. तेहतीस वर्षं मी ती आकृती रंगीत खडूंनी फळ्यावर काढली होती. 'भांगेची' लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापले होते!

आणि नाखवा खाडीकडे बघत म्हणाले, "दोन वर्सांनी एक साहेब आलेला, बाई."

बस, एवढंच. रागवले असते तर बरं झालं असतं. त्या माणसाला मी व्यसनी ठरवलं होतं आणि त्याच्या खाडीला 'काही आढळले नाही' असं लिहून दिलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आधी ग्रुपवर माफी मागितली. मग साहेबांच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. "चूक माझी आहे. मला भरती कळली नाही." साहेब म्हणाले, "मॅडम, त्याला आमच्याकडे रकाना नाही." पण आले! पुढल्या बुधवारी, अमावास्येला, सकाळी.

खाडी तळापर्यंत उघडी पडली होती. नाखवा गुडघाभर चिखलात पुढे, आम्ही मागे. त्यांनी बोट केलं. पाइपाचं तोंड, त्यातून सुटलेली गढूळ पिवळी धार आणि धारेच्या दोन्ही बाजूंना एकही निवटी नाही. साहेबांनी बाटल्या भरल्या, फोटो काढले. अहवाल अजून यायचाय.

परत येताना साहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, शाळेत विषय काय होता तुमचा?"

नाखवांची नात माझ्याच वर्गातून दहावी झालेली. त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी चिखलाकडे बघत म्हटलं, "शिवण."

नाखवांनी गंभीरपणे मान हलवली. "हां साहेब. आमचं जालं फाटलं का बाईंकडंच देतो."

परवा त्यांनी खरंच एक फाटकं जाळं घरी पाठवून दिलंय. गॅलरीत पडलंय. आणि मला, खरं सांगते, साधं बटणसुद्धा लावता येत नाही.